पडलेली दाढ

इंदापुरात एक्स-रे काढणारा हा माणूस माझ्या मणक्यामुळे ओळखीचा झाला. "हलू नगा आबा, लग्नाचा फोटो हाय," असं तो प्रत्येक म्हाताऱ्याला म्हणायचा. अंगावर पडणारे किरण मोजणारा बिल्ला मात्र तो कामाआधी काढून खिळ्याला अडकवायचा. मोजणी जास्त आली तर दवाखान्याचे मालक घरी बसवतील, अशी त्याला धास्ती होती.

त्याची दाढ पडली तेव्हा मी म्हणालो, "किरणांची खूण दातात राहते. माझा मेहुणा पुण्यात इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सच्या यंत्रावर ती मोजतो. दाढ द्या, खरा आकडा कळेल."

"व्हय, मालकालाबी कळंल. मग मेव्हणं माझी पोरं सांभाळत्याल का?"

त्यानं दाढ दवाखान्यामागच्या कालव्यात भिरकावली. आत पेशंट थांबलेत म्हणाला आणि गेला.