कुत्र्याचं पान

माझे पती गेले त्या सकाळी मी कुत्र्याला घेऊन यशवंतपूरच्या रेल्वे स्थानकावर होते. फोन शेजारणीचा आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला घरी पोचायला दोन तास लागले.

त्यांची नजर तीन वर्षांपासून जात होती. हा काळा लॅब्रॅडॉर त्यांना रस्ता दाखवण्यासाठी तयार व्हायचा होता. एका लहानशा संस्थेनं पिल्लू असताना तो आमच्याकडे दिला, आणि त्याला गर्दीची सवय लावायचं काम माझ्याकडे आलं. दर शनिवारी प्रशिक्षक येत. निपाणीकडचे होते, मला अक्का म्हणत.

"अक्का, पट्टा स्वल्प ढिला सोडा. कुत्रं गप्प आहे, तुम्हीच थरथरायलाय."

"तुमच्या अक्कालाच बिस्कीट देऊन बघा," पती गॅलरीतून म्हणत. "माझं कधी ऐकलं नाही, तुमचं ऐकेल."

नियम मोजकेच होते. अंगावर लाल जाकीट असताना कुणी त्याला हात लावायचा नाही. खाणं माझ्या हातून, नाहीतर त्याच्या भांड्यातून. जमिनीवरचं काही तोंडात घ्यायचं नाही, कधीच नाही. हा शेवटचा नियम अंगवळणी पडायला सात महिने गेले. उभ्यानं खायच्या हॉटेलांत मी कॉफीचा एकच पेला धरून अर्धा अर्धा तास थांबत असे. त्याच्या नाकासमोर लोकांच्या हातून वड्याचे तुकडे पडत, आणि तो तुकड्याकडे न बघता माझ्याकडे बघे. रिक्षावाले विचारत, "कच्चुत्ता?" चावतो का? मी "इल्ल" म्हणायची. तरी निम्मे निघून जात.

स्थानकाचा धडा तेवढा राहिला होता.

तेराव्याला पुण्याहून थोरली नणंद आली होती. स्वयंपाक झाला, पानं वाढली: गाईचं, कावळ्याचं, कुत्र्याचं. कुत्र्याचं पान फाटकापाशी ठेवायला मी उचललं, तर त्या म्हणाल्या, "अगं, खाली कशाला जातेस? घरात आहे की. माझ्या भावासाठीच आणलेला ना?"

त्यांनी माझ्या हातून पान घेतलं आणि त्याच्यापुढे जमिनीवर ठेवलं. वडे, खीर, भात. तो बसून राहिला. लाळ गळत होती, पण डोळे माझ्यावर. मला "नको" म्हणता आलं असतं. त्या तेरा दिवसांत पतीसाठी काही करता येईल अशी एवढीच एक गोष्ट माझ्यासमोर आली होती.

"घे," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी प्रशिक्षक आले, चहा घेतला. मग म्हणाले, "होसकोट्याला एक बाई आहेत. शाळेत शिकवतात, दिसत नाही. कुत्रा त्यांना देता येईल. पण तयारी पुरी करायला पाहिजे. जमेल काय तुम्हाला?"

जमेल म्हणाले. तो कुणाचे तरी डोळे झाला असता, तर त्या सकाळी मी घरात का नव्हते याला काही उत्तर राहिलं असतं. मला तेवढं एक उत्तर हवं होतं.

आम्ही पुन्हा यशवंतपूरला गेलो. मी फलाटावर बसायची, तो बाकाखाली. आणि दर महिन्याला पतीच्या तिथीला मी घरी चार पदार्थ करून त्याच्यापुढे पान ठेवत होते. पाच वेळा ठेवलं. घरातली गोष्ट वेगळी, बाहेरची वेगळी, हे त्याला कळतं असं मी स्वतःला सांगत होते. प्रशिक्षकांना सांगितलं नाही.

चाचणी सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी आली. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. होसकोट्याच्या बाईंनी पट्टा धरला. प्रशिक्षक आणि मी दहा पावलं मागे. चौक, बसथांबा, जिना, सगळं त्यानं नीट केलं. "किती सावकाश चालतो," बाई हसून म्हणाल्या, "आमच्या हेडमास्तरांसारखा."

मग पदपथाच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी, कुणीतरी आपल्या माणसांसाठी आदल्या दिवशी ठेवलेलं केळीचं पान दिसलं. त्यावर भात होता, एक वडा होता. तो त्याच्याकडे वळला. ओढलं म्हणण्याइतकंही ओढलं नाही. पण बाईंचा पाय पदपथाच्या कडेवरून सुटला आणि त्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

दवाखान्याच्या बाकावर प्रशिक्षकांनी मला विचारलं, "अक्का, ह्याला पानावरचं कुणी घातलं?"

मी सांगितलं. तेरावं, आणि नंतरची पाच.

ते बाकावरून उठले. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि आत बाईंकडे गेले.

बाईंना मी नंतर फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमचं दुःख समजतं हो. पण तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं." ते खरं होतं. त्यांनी पुन्हा कुत्र्यासाठी संस्थेत नाव नोंदवलं नाही.

लाल जाकीट मी धुऊन परत केलं. कुत्रा संस्थेला नको होता, म्हणून तो माझ्याकडे राहिला. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी तो अजून थांबतो, मी पाय टाकेपर्यंत. मला तर दिसतं. त्या बाई काठी घेऊन शाळेत जातात.