न पिणारा ग्राहक

मांडव्याच्या जेट्टीपासून रेवदंड्याच्या पुलापर्यंत एकही वाईन शॉप असं नाही, ज्याच्या मालकाला माझ्या बायकोच्या मामांची स्कूटर नुसत्या आवाजावरून ओळखता येत नाही. ती ऐकली की एक मालक शटर अर्धं खाली ओढायचा, दुसरा पंखा मोठा करायचा आणि तिसरा सरळ जेवायला निघून जायचा, मग सकाळचे अकरा का वाजलेले असेनात. तुम्हाला वाटेल, मामा पिऊन धिंगाणा घालत असतील. छे हो! या माणसानं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नव्हता. पण यांच्यापेक्षा पिणारा परवडला, असं म्हणायची पाळी त्यांनी आम्हा दुकानदारांवर आणली होती. आम्हा म्हणायचं कारण, त्यातलं एक दुकान माझं आहे.

मामांनी तीस वर्षं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळलं. निरोपाच्या दिवशी मालकांनी शाल-नारळ पुढे केला, तेव्हा मामा म्हणाले, "शाल पांगरून काय करू? मला तो थर्मामीटर द्या." पत्र्याच्या नळीतला तो लांबलचक थर्मामीटर तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत असतो. मुळात त्यांना एका जागी बसणं माहीत नाही. खुर्ची दिली तर तिची पाठ धरून उभे राहतात, चहा दिला तर फेऱ्या मारत पितात. मामी म्हणतात, "लग्नात अंतरपाटामागं पन गप उभं ऱ्हायले न्हाईत." तरी घरात फेऱ्या मारत होते तोवर ठीक होतं. गेल्या दिवाळीपासून ते दुकानांत शिरून वाईनच्या बाटल्यांना गाल लावून बघू लागले.

आधी गाल, मग थर्मामीटर, मग शेरा. एकाही वाईन शॉपात तक्रारवही नसते हे कळल्यावर मामांना धक्काच बसला. एस.टी. स्टँडवर असते, पोस्टात असते, इथं का नाही? त्यांनी स्वतः शंभर पानी वह्या आणल्या, भोक पाडून सुतळी ओवली आणि प्रत्येक दुकानाच्या जाळीला एकेक बांधून टाकली. त्यात ते लिहीत, "सदर दुकानात लाल वाईन खिडकीत उन्हात उभी केलेली आढळली. बाटलीचा चटका बसला. बाटली आडवी ठेवावी, बूच सुकते. त्वरित सुधारणा व्हावी." खाली सही, 'एक न पिणारा ग्राहक'. आता वही टांगलेली दिसल्यावर पिणारे ग्राहक मागे राहतील होय? त्यांनीही चण्यांपासून मालकाच्या तोंडाळपणापर्यंत सगळं लिहायला सुरुवात केली. रेवदंड्याकडचा एक मालक एकदा भडकला. "अहो, तुम्ही घेत नाही, तर तुमचं काय जातं?" मामा शांतपणे म्हणाले, "माजं न्हाय. बाटलीचं जातं." त्या बिचाऱ्यानं कपाळाला हात लावला.

मला तर दुप्पट ताप, कारण मी जावई. बोलायची सोय नाही. एकदा मुंबईहून बोटीनं आलेलं एक जोडपं माझ्याकडं उंची बाटली बघत होतं. मी सौदा जमवत आणला, पिशवी काढली, आणि मागून मामा म्हणाले, "ती नको घेव ताई. ती दिवालीपास्नं पत्र्याखाली हाय. ती बाटली हाय का च्याचा कप?" ताई गेल्या. वर त्यांनी मोबाईलवर माझ्या दुकानाला पाच तारे दिले, 'मालकांचे मामा फार प्रामाणिक आहेत' म्हणून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण कळस झाला तो पुढंच. मी दुकान बंद करताना कूलर बंद करून घरी जातो. का, तर वीज. सकाळी शटर उघडल्या उघडल्या लावतो, तासाभरात बाटल्या गार. कुणाला कळणार? मामा तीन दिवस शटर उघडायच्या वेळेला पायरीवर हजर राहिले आणि चौथ्या दिवशी वहीत लिहिलं, "दुकानदार घरी जाताना कूलर बंद करतो. वाईनला रोज ताप येतो व उतरतो. नातेवाईक असल्यामुळे नाव लिहीत नाही." अरे, वही माझ्या दुकानाला टांगलेली, नाव लिहायची गरज काय! माझा तोल गेला. म्हटलं, "मामा, दुकान माझं आहे. उद्यापासून पायरी चढू नका." मामांनी थर्मामीटर नळीत घातला, नळी खिशात घातली आणि स्कूटर ढकलतच निघून गेले. चालू करायचंही विसरले.

दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायकोनं मला घरातून हाकललंच, म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. मामा मागच्या अंधाऱ्या खोलीत मासळीच्या थर्माकोलच्या पेटीपुढं उकिडवे बसले होते. पेटीत बर्फ, आणि बर्फावर किंतानात गुंडाळलेली एक लाल वाईनची बाटली. मी म्हटलं, "मामा, तुम्ही? बाटली?"

"सुमीनं धाडलीय," ते म्हणाले. "दिवालीला."

सुमी त्यांची एकुलती एक मुलगी. घाटावर एका वाईनच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. ती नोकरी लागली तेव्हा मामांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आमच्या घरातल्या पोरीनं दारू गाळायची काय म्हणून. मग गेल्या वर्षी उन्हाळ्याआधी तिनं स्वतः केलेली पहिली बाटली वडिलांना पाठवली. सोबत चिठ्ठी, 'बाबा, तेरा-चौदा डिग्रीत ठेवा, आडवी. मी आले की उघडू.' मामांनी चिठ्ठी वाचलीच नाही. फ्रिजमध्ये देवाचं दूध असतं, तिथं दारू नको, म्हणून रागानं बाटली माळ्यावर फेकली, तापल्या पत्र्याखाली. अख्खा उन्हाळा.

"मंग ती आली," मामा म्हणाले. "उघडली. मला वास आला हो, शिरक्याचा, आंबून गेल्याचा. तिनं ग्लास भरला, सगला प्याली. म्हनली, 'चांगली आहे बाबा.' आनि बूच लावून ठेवून दिली. मी तीस वर्सं लोकांची मासली गार ठेवली, जावयबापू. आनि माज्या पोरीची बाटली उकडून काढली."

पेटीतली ही दुसरी बाटली तिनं दिवाळीला धाडली होती, आणि ती उघडायला आता या मे महिन्यात सुमी पुन्हा येणार होती. घरचा फ्रिज फार गार, पेटीतला बर्फ वितळतो, कधी आठ डिग्री तर कधी वीस. म्हणून हा माणूस दिवाळीपासून मांडवा ते रेवदंडा एक बाटली ठेवायला भरवशाची जागा शोधत फिरत होता. एकही दुकान पास झालं नव्हतं. "तुमचा कूलर चांगला हाय," ते म्हणाले. "पन तुमी तो बंद करता." मला शरमेनं तिथं उभं राहवेना.

त्या दिवसापासून माझा कूलर बंद झालेला नाही. बाटली आडवी ठेवली, वर चिठ्ठी लावली, 'विक्रीसाठी नाही'. मामा दिवसातून दोनदा येऊन आकडा बघून जात.

मे महिन्यात सुमी आली. मामांनी मला ओटीवर मुद्दाम बोलावून घेतलं, "तुमी इकता, तुमाला कळंल." मला काय डोंबल कळतंय! मी गिऱ्हाईकाला लाल हवी की पांढरी एवढंच विचारतो. सुमीनं बूच काढलं, तीन ग्लास भरले. मामांनी डोळे मिटून आयुष्यातला पहिला घोट घेतला आणि तोंड असं केलं की मामी धावत आल्या. चांगली वाईनही आंबटच लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी घाबरून लेकीकडं बघितलं.

"चांगली आहे बाबा," सुमी म्हणाली.

गेल्या वर्षी म्हणाली होती तेच शब्द. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ग्लासात बघत बसलो. सुमी मामींशी आंब्यांचं काहीतरी बोलायला लागली आणि बोलता बोलता, लक्ष दुसरीकडंच असताना, तिनं हात लांब करून बाटली ओढली आणि आपला ग्लास पुन्हा भरला.

मामा ते बघत राहिले. मग खुर्चीत बसले. चांगले टेकून, पाय पसरून बसले, आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत नवा शेरा होता, "दुसरा ग्लास स्वतःहून घेतला. तक्रार नाही." सहीच्या जागी या वेळी नुसतं 'सुमीचा बाप'.

त्यानंतर मामा कुठल्याच दुकानात गेले नाहीत. स्कूटर पडवीत उभी असते. वही अजून माझ्या जाळीला टांगलेली आहे, पिणारे लिहितात अधूनमधून, चण्यांबद्दलच. पण सकाळी शटर उघडताना पायरीवर कुणी नसतं, आणि खरं सांगतो, मला करमत नाही.