सनस्क्रीन, वांग आणि हार्मोनची भानगड

तासगावात स्टँडजवळ माझं मेडिकल. काउंटरमागं उभं राहिलं की माणसं औषधाबरोबर अर्धं घरही बोलून जातात. विसरायचं म्हटलं तरी किस्से साठतातच. नव्वदच्या दशकातले हे काही, सगळे एकाच मालाभोवतीचे. सनस्क्रीन!

*

माल आणला औषध कंपनीच्या सांगलीच्या एमआरनं. भर एप्रिलात टाय लावून तो मला एसपीएफ समजावत होता. स्वतः मोटारसायकलवर फिरून कोळशासारखा झालेला!

मी विचारलं, "तुम्ही नाही लावत?"

"काका, सॅम्पल मोजून मिळतात!"

*

पहिलं गिऱ्हाईक कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर. ट्यूबवरची नावं वाचून म्हणाले, "ही रसायनं कातडीतून रक्तात उतरतात का, हार्मोनवर काही करतात का, हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही."

सर एवढंच बोलले. पण संध्याकाळपर्यंत शेजारच्या पानपट्टीवर बातमी तयार होती, "क्रीम लावलं की गड्याची बाई हुती!"

*

याचा त्रास झाला शिराळ्याकडच्या रिटायर्ड सुभेदारांना. लेहच्या बर्फात तोंड सोलून निघालेलं, तेव्हापासून क्रीम लावायची सवय.

पानपट्टीवाला म्हणाला, "सुभेदार, मिशा झडतील हां!"

सुभेदारांनी त्याच्या गुळगुळीत ओठाकडं निवांत बघितलं. "ज्याला क्रीम न लावता बी मिशा आल्या न्हाईत, त्यानं बोलू नये!"

*

एका द्राक्षबागायतदाराला मात्र 'हार्मोन' शब्दाची भीती नव्हती. मणी फुगायला तो दरवर्षी घड जीए नावाच्या हार्मोनच्या पाण्यात बुडवायचा. त्यानं ट्यूब नेली. आठवड्यानं आला तो एकच गाल चोपडून.

"अहो, हे काय?"

"नवीन औषध आमी आदी एकाच ओळीला मारतोय. रिझल्ट बगायचा, मग सगळ्या प्लॉटला!"

*

आता हौसाबाई. मुलगा मिलिटरीत, सून रंजना, पदरात दोन नाती. 'यंदा नातू पायजे' हे हौसाबाईंनी सगळ्या गल्लीला ऐकवलेलं. रंजनाच्या दोन्ही गालांवर वांग उठलं, म्हणून त्या तिला डॉक्टरबाईंकडं घेऊन आल्या. दवाखाना माझ्या दुकानाला लागूनच, मध्ये नुसता पडदा. सगळं ऐकू येतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "उन्हानं वांग वाढतं, सनस्क्रीन लाव. पण काहींना हार्मोनच्या गोळ्यांनीही उठतं. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस का गं?"

पलीकडं बांगड्या किणकिणल्या.

मग रंजनाचा बारीक आवाज आला, "न्हाई बाई."

हौसाबाईंनी पैसे मोजले. ट्यूब घेऊन दोघी गेल्या. पोरीचं आज घरी काही खरं नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाबाई एकट्याच आल्या. दुकानात कुणी नाही असं बघून काउंटरवर वाकल्या.

"आवं, डॉक्टरबाईस्नी एवडं सांगा. तिला ती गोळी सोसंना झालीया. वांग उठणार न्हाई अशी दुसरी कायतरी सोय बगा म्हणावं."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"पिठाच्या डब्यात ठेवतीया. पीठ कोण काढतंय रोज?"

पदर डोक्यावर घेत त्या पायरी उतरल्या आणि परत वळल्या.

"आन् मला म्हाईत हाय, ते तिला सांगू नका. लपवू दे निवांत!"