बिघडलेलं काम दाखवा

माझी मोठी मावशी बसमध्ये कंडक्टर होती. बिनतिकीट माणूस ती नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायची. खिडकीबाहेर फारच मन लावून बघणारा, उगाच खिसे चाचपणारा, ‘काय ताई, आज दमलात वाटतं’ म्हणून विचारपूस करणारा, एकही तिच्या तावडीतून सुटत नसे. त्यातही गोड बोलणाऱ्याला ती आधी गाठायची.

पुढे तिच्या मणक्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, पण पायांनी साथ सोडली ती सोडलीच. नोकरी सुटली आणि घरात चाकाची खुर्ची आली. जीभ मात्र होती तशीच राहिली.

तळमजल्यावरचं त्यांचं घर लहानसं. न्हाणीघराचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जायचीच नाही, त्यात मध्ये उंबरा. काका तिला उचलून आत स्टुलावर बसवायचे आणि दार अर्धवट उघडं ठेवून बाहेर पाठ करून उभे राहायचे. न जाणो, तोल गेला तर! पाहुणे येणार असले की मावशी सकाळपासून पाणीच कमी प्यायची. स्वयंपाकघरात ओटा तिच्या हनुवटीला लागायचा. काका घड्याळं दुरुस्त करणारे, सोशिक माणूस. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण मावशीला हे रोज उचलून घेणं आतून कुरतडत होतं.

एका सकाळी तिने जाहीर केलं, “आता भिंती फोडायच्या. दार रुंद, ओटा खाली. मला माझ्या घरात फिरायचंय.”

काकांच्या धाकट्या भावाला बातमी कळायचा अवकाश, तो एका ठेकेदार मित्राला घेऊन हजर. “वहिनी, हा आपला घरचा माणूस. डोळे मिटून काम द्या.”

“भाऊजी, डोळे मिटून मी कधी सुट्टे पैसेसुद्धा दिले नाहीत,” मावशी म्हणाली.

घरच्या माणसाने अत्तर लावलं होतं. त्याने मोबाइलवर चकचकीत न्हाणीघरांचे फोटो दाखवले, तेही फक्त काकांना. मग मावशीकडे हात करून त्यांनाच विचारलं, “यांना काय काय लागेल?”

“मी इथेच बसलेय,” मावशी म्हणाली. “गेले ते पाय. कान शाबूत आहेत.”

तो ओशाळून हसला आणि पुढचा प्रश्न पुन्हा काकांनाच विचारला. त्याचा निकाल तिथेच लागला.

दुसरा आला तो फार नम्र. मावशी काहीही म्हणाली की त्याचं उत्तर एकच: “होऊन जाईल.” दार रुंद? होऊन जाईल. ओटा खाली? होऊन जाईल. मावशीच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. तिने विचारलं, “आणि न्हाणीघर उचलून त्या खिडकीबाहेर, रस्त्यावर नेलं तर?”

“होऊन जाईल, ताई,” तो वहीत लिहिता लिहिता म्हणाला. काकांना इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

तिसरा माणूस स्थूल, आवाजाने दणदणीत, चेहऱ्याने कायम वैतागलेला. आल्या आल्या त्याने मावशीला विचारलं, “बाई, तुम्ही जरा पलंगावर बसाल का? मला खुर्ची हवीय.”

काकांनी मावशीला पलंगावर बसवलं. हा गडी खुर्चीत बसून घरभर फिरू लागला. ओट्याशी गेला, नळाला हात पुरतो का पाहिलं. न्हाणीघराच्या दारात मात्र चाकं अडकली, बोटं चौकटीवर सोलवटली आणि खुर्चीसकट तो तिथेच रुतून बसला. काकांनी मागून ओढून काढला.

“रोज असंच?” बोटं चोखत त्याने विचारलं.

“माझी बोटं सरावलीत,” मावशी म्हणाली. “बरं, ही मधली भिंत पाडून सगळं एक करता येईल?”

“नाही.”

“अहो, पण...”

“नाही म्हणजे नाही. वरच्या मजल्याचा भार आहे तिच्यावर. दार त्या बाजूने काढू, तिथे जमेल.”

मावशी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, “तुमचं एखादं बिघडलेलं काम दाखवा.”

हाच प्रश्न तिने पहिल्या दोघांनाही विचारला होता. ‘आमचं काम बिघडतच नाही,’ एकाने सांगितलं होतं. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे ‘होऊन जाईल’ म्हणून मान डोलावली होती. या माणसाने मात्र डोकं खाजवलं. मग म्हणाला, “चला.”

बाहेर त्याचा टेंपो उभा होता. त्याने मागे दोन फळ्या लावल्या, खुर्ची वर ढकलली आणि दोरीने पक्की बांधली. सिमेंटच्या गोण्या आणि पाइपांच्या मधोमध मावशी, शेजारी दांडा घट्ट धरून काका. कितीतरी दिवसांनी दवाखाना सोडून दुसरीकडे कुठे निघाली होती ती. टेंपो सुरू झाला तशी तिने पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि खणखणीत आवाजात ओरडली, “चलाऽऽ, पुढे सरका!” रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. काका लाजले आणि मग हसूही लागले.

ते लिफ्टने एका निवृत्त नर्सबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या घरी पोहोचले. त्याला दारात बघताच बाई म्हणाल्या, “आलास का? आता काय फोडायचंय?”

मावशीने काकांना आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि बाईंना एकटीनेच गाठलं. बाईंनी काही हातचं राखलं नाही. न्हाणीघर नवं केल्यावर वर्षाच्या आत खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं होतं. बाईंनी फोनवर त्याला नाही नाही ते सुनावलं. तो आला, पण आधी खालच्या घरी गेला, त्यांची माफी मागितली. मग वर येऊन स्वतःच लावलेली सगळी फरशी स्वतः उखडली.

“चूक कोणाची म्हणाला?” मावशीने विचारलं.

“माझी, म्हणाला. कामगारावर ढकलली नाही. खालच्यांचं छतही रंगवून दिलं. तोंडाचा फटकळ आहे हो. पण फोन उचलतो.”

मावशीला एवढं पुरेसं होतं.

दीर मात्र भडकला. “माझ्या शब्दाला किंमत नाही का या घरात?” तो काकांवर आवाज चढवून म्हणाला. काका आयुष्यात कधी भावाला उलट बोलले नव्हते. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, शांतपणे टेबलावर ठेवलं. “तुझ्या शब्दाला किंमत आहे,” ते म्हणाले. “पण फिरायचं तिला आहे. निवड तिचीच.” मावशी सांगते, लग्नानंतर इतकं देखणं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

काम सुरू झालं. धूळ, ठोकाठोकी, शेजाऱ्यांची तोंडं वाकडी. एकदा भिंत उघडल्यावर ठेकेदाराने मावशीला हाक मारली. आतला जुना पाइप गंजून पोखरला होता. “वरून फरशी लावली असती तर तुम्हाला कळलंही नसतं,” तो म्हणाला. “पण बदलावा लागेल. काम लांबेल.” मावशीने पाइपावर नख घासून पाहिलं, तांबडा भुगा पडला. “बदला,” ती म्हणाली. दोघांचं भांडण झालं ते फक्त न्हाणीघराच्या कडीवरून. त्याच्या माणसाने ती सवयीने वर लावली होती. “ही काय तुमच्या उंचीच्या माणसासाठी?” मावशी कडाडली. त्याने कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या हाताने कडी खाली आणली.

शेवटी तो दिवस उजाडला. मावशीने टॉवेल मांडीवर घेतला, चाकं फिरवली आणि रुंद दारातून सरळ आत गेली. दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

काका बाहेर घुटमळत होते. “अगं, जमतंय ना?”

“जा हो तिकडे!” आतून आवाज आला, आणि पाठोपाठ पाण्याचा. मावशीने मनसोक्त वेळ घेतला. आत ती गात होती, आणि गळा तिचा बेसूरच होता. पण हा दिवस बघायला मुद्दाम आलेल्या माझ्या आईने बाहेर डोळ्यांना पदर लावला आणि ठेकेदार उगाचच एका पक्क्या बसलेल्या फरशीवर ठोकत राहिला.

ओल्या केसांनी मावशी बाहेर आली ती थेट ओट्याशी. गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं, हात लांब करून कप काढले. काका मदतीला उठले.

“बसा,” ती म्हणाली. “पाहुण्यांसारखे बसा आज.”

काका बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मावशीने चहाचा पहिला कप त्यांच्या हातात दिला आणि मोठ्या पेल्यात स्वतःसाठी पाणी भरून घटाघटा प्यायली.