खारोड्यांचं मीठ
लसूण-तीळ घातलेला बाजरीचा घाटा चुलीवर रटरटायला लागला, की त्या वासानं मला केदारखेड्याची आमची गल्ली आठवते. उन्हाळ्यात बायका आळीपाळीनं एकमेकींकडे या घाट्याच्या खारोड्या उन्हात वाळत घालायच्या आणि घाटा कोणाचाही असो, मीठ चाखायला माझ्या सासूबाईंनाच बोलावणं यायचं. त्यांच्या जिभेला तसा मानच होता. एका वर्षी त्यांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. सासूबाईंनी दोन-तीन महिने ते कसोशीनं पाळलं आणि मग खारोड्यांचे दिवस आले. शेजारणीकडे त्यांनी बोटावर घाटा घेतला, चाखला आणि म्हणाल्या, "खारट झाला, बाई." मीठ तर नेहमीच्याच मापानं टाकलेलं होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "मावशी, गोळ्यांनी चव गेली का काय तुमची?" शेजारणीनं हळूच विचारलं. सासूबाईंनी शांतपणे पदराला बोट पुसलं. "गेली न्हाई, आत्ता कुठं आली. अजून बाजरीचा भरडा टाक त्याच्यात." मग पुढच्या प्रत्येक घरी त्यांनी स्वतःच्या हातानं मीठ कमी टाकलं. त्या वर्षी अख्ख्या गल्लीनं तशाच खारोड्या खाल्ल्या, कोणीही कुरकुर केली नाही. आता बीपीची सकाळची गोळी मीही घेते, मीठही कमी केलंय. परवा गावाकडून आलेली खारोडी तोंडात टाकली तर खारट लागली. मुलगा म्हणाला, नेहमीसारखीच तर आहे. सासूबाईंच्या पाटल्या धाकट्या जावेला गेल्या. जीभ मात्र माझ्याकडे आली.