हंसाचं दुपारनंतरचं ऊन

हंसा माझी धाकटी बहीण, माझ्या पाठची. अख्ख्या निर्मळ गावात तिच्यासारखी सुकेळी दुसऱ्या कोणाला जमत नाहीत, हे मी कोणाच्याही ओट्यावर बसून सांगेन. सातवीपर्यंतच शिकलोय मी, पण वाडीतलं फळ आणि घरातलं माणूस ओळखायला मला मास्तर लागत नाही.

सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी. पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची. मधासारखी तांबूस झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. आमच्याकडे हे काम आईचं. सत्त्याण्णव साली होळीनंतर तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. ती म्हणाली, "ही खेप हंसाने करायची. आंबली तर मांडव मोडा आणि तिथे मोगरा लावा. मला आता निस्तरायला जमणार नाही."

हंसाला मोगरा नको होता. तिला मांडव हवा होता. त्या रात्री ती धड जेवली नाही.

केळी छान पिकली. सोलून मांडवावर घातली आणि नेमका पूर्वेकडे डोंगराला वणवा लागला. त्यात तिकडच्या भातशेतीवाल्यांनी राब भाजायला घेतलेले. पाला, शेण, गवत पेटवून पेरणीची जागा भाजतात ना, ते. सकाळचा वारा डोंगराकडून यायचा आणि सगळा धूर आमच्या डोक्यावर. सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा. डोळे न मिचकावता बघा खुशाल.

दोन दिवसांनी केळी वाळायची सोडून हाताला चिकटायला लागली. मी म्हटलं, "ऊन तर पडलंय की!"

"दादा, हात धर इथे."

धरला. माझ्या हाताची सावली मांडवावर पडली, पण कशी? पाणी घातलेल्या ताकासारखी. बोटं कुठे संपतात ते कळेना.

"बघितलंस? उजेड येतोय, चटका येत नाही. चटका वरच धुरात अडकतोय."

एवढ्यात आमचे शत्रुघ्नकाका आले. सल्ला द्यायला काकांना आमंत्रण लागत नाही. "मांडवाखाली शेगडी ठेवा. दोन तासांत वाळतील."

"काका, धुरानेच वाट लागलीय, त्यावर औषध म्हणून आणखी धूर देऊ?" हंसा म्हणाली.

शेजारची पॉलिन कुंपणापलीकडे पोरांचे कपडे वाळत घालत होती. ती एवढी हसली की तिच्या हातातली चादर मातीत पडली. "परत धुवायला लावलीस गो हंसा!"

मग हंसाने एक केलं. दिवसभर मांडवाजवळ बसून राहिली आणि मधूनमधून स्वतःचा हात धरून सावली बघत राहिली. शत्रुघ्नकाका मला म्हणाले, "पोरगी ज्योतिषी झाली काय?" मी म्हटलं, "झाली तर तुमचाच हात पहिला बघेल."

जेवणं झाल्यावर वारा फिरला. समुद्रावरचा खारा वारा सुटला आणि त्याने धूर परत डोंगराकडे ढकलला. हंसाने हाक मारली. बघतो तर सावली काळीभोर, नखसुद्धा वेगळं दिसतंय.

पण आईचा नियम होता, खारा वारा सुटला की केळी गोळा करून टोपलीत झाकायची, नाहीतर ओलावतात. आजीचाही तोच नियम. आई ओट्यावरून ओरडली, "अगं, उचल! वारा लागतोय!"

"आई, आज हाच वारा ऊन आणतोय. सकाळी झाकून ठेवते, दुपारनंतर उघडते. दिवस मावळेपर्यंत."

"आणि आंबली तर?"

"तर मोगरा मीच लावीन."

आई तोंड फिरवून बसली. मग माझ्याकडे बघितलं तिने, मी हंसाची बाजू घेणार हे माहीत असूनही. घेतलीच. धाकटीने एवढा जीव लावलाय आणि मोठ्याने गप्प बसायचं? आपल्यात तसलं नाही.

पुढे रोज तेच. सकाळी धूर, केळी टोपलीत. दुपारी वारा फिरला की हंसा मांडवावर एकेक केळं उलटत बसायची, मानेवर घाम. ओलावा लागलाच नाही असं नाही, पण त्या कडक उन्हापुढे टिकला नाही. नेहमीपेक्षा दिवस जास्त लागले. शेवटी एका संध्याकाळी हंसाने एक सुकेळं आईच्या हातावर ठेवलं. आईने ते मधोमध फाडलं, वास घेतला, अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं पदरात बांधलं. त्या रात्री हंसा दोनदा जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आई अंथरुणात नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी वाडीत गेली होती. राजेळीच्या एका भरल्या घडाला तिने दोरी बांधून खूण करून ठेवली होती. मला म्हणाली, "हा उतरव आणि हंसाकडे दे. पुढची खेप कधी घालायची ते तिला विचार, मला नको."