गेट उघडणारा माझा दादा

"दीदी, वो गद्दार वाले अंकल नहीं रहे..." शेजारच्या मुलीचा सकाळी फोन आला आणि माझा मावसभाऊ श्रीधरदादा गेल्याचं मला अशा शब्दांत कळलं. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. ओरछा गेटजवळच्या त्यांच्या गल्लीत फारसं कुणालाच नव्हतं.

झाशीतली आम्ही मराठी घरं गणपतीत दरवर्षी राणीचं नाटक करतो. इंग्रजांना ओरछा गेट उघडून देणारा फितूर पहारेकरी दादा करायचा. अडसर काढण्याआधी तो एकदा मागे वळून शहराकडे बघायचा... अंगावर काटा यायचा. मग त्याच्यावर चपला फेकायची रीतच पडली होती; लोक त्यासाठी घरून जुन्या चपला आणत. बरं, पडदा पडल्यावर तरी संपावं! पण दादाने घराचं दार उघडलं की दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांचा एकच विनोद, "लो, फिर गेट खोल दिया!" शेवटी त्याने दार उघडणंच सोडलं. बेल वाजली की आतून म्हणायचा, "शैला, तू उघड." वहिनी गुडघे धरत उठायची.

एकदा, फक्त एकदा, लोकांनी आपल्याला दुसऱ्या भूमिकेत बघावं अशी त्याची इच्छा होती. फार वर्षांनी मंडळाने त्याला नव्या नाटकात मुलीची पाठवणी करणारा बाप दिला. दादा खरोखरच रडत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अंकल, गेट मत खोलना!" सगळा मंडप हसला, पुढच्या रांगेतले अध्यक्ष सगळ्यांत जोरात. मग पहिली चप्पल आली. दादाने त्या गदारोळात आपलं वाक्य पूर्ण केलं, पण ऐकतंय कोण! नंतर तो पुन्हा पहारेकरीच झाला.

तेराव्याला अध्यक्ष आले. लाडू खाता खाता वहिनीला म्हणाले, "भाभीजी, अब गेट कौन खोलेगा?" मला वाटलं, आता ही बाई त्यांना हाकलून देईल. पण दादाचा मुलगा निखिलच उठला. "पापा का रोल है. मैं करूँगा." मला इतका संताप आला की पानावरून उठले.  वहिनीने पेटीतून दादाचा पहारेकऱ्याचा अंगरखा काढून दिला, आणि तो निखिलला अगदी मापाचा निघाला.

गणपती झाल्यावर परवा त्यांच्याकडे गेले. बेल वाजवली. दाराच्या अगदी जवळून निखिलचा आवाज आला, "मम्मी, तुम खोल दो."

आतल्या खोलीतून वहिनी उठत असल्याची चाहूल आली. मी बाहेर उभी राहिले.